ओवीच्या प्रश्नाचं उत्तर, जरा लांबलंय

प्रिय रेवा,

परवा फोनवर ओवीने मधेच घुसून विचारलं ना, मावशी तुला नेहमी साइड कॅरॅक्टरच का आवडतात, हीरो का नाही आवडत, तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली आणि गेले दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय. भांडी घासताना, बसमध्ये, रात्री झोप लागत नाही तेव्हा. म्हणून आज नीट बसून लिहितेय, व्हॉट्सॅपवर एवढं टाइप होणार नाही. ओवीला वाचून दाखवायच्या आधी तू एकदा वाच, कारण तिचं हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक अजून चालू आहे आणि मी पुढचं बरंच काही फोडलंय.

तुला आठवतंय ना, अकरावीत आपण मृत्युंजयची एकच कॉपी दोघींत वाचली होती, तू रात्री आणि मी दिवसा, आणि रथाचं चाक रुततं तिथे दोघी वेगवेगळ्या घरात रडलो होतो. शिवाजी सावंतांचं ते पुस्तक १९६७ चं, म्हणजे आपल्या आयांनीही ते वाचून रडून झालेलं होतं, आणि मराठी घरात वाचणारी मुलगी असेल तर तिचं पहिलं प्रेम कर्णच असणार असं मला तेव्हा अगदी पक्कं वाटायचं. तुझं अजूनही आहे. माझं गेलं, आणि ते का गेलं हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही.

नंतर कधीतरी मी महाभारताचं मराठी भाषांतर घेऊन बसले आणि सभापर्वात द्यूताचा प्रसंग आला. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारतेय, मोठमोठी माणसं खाली मान घालून बसलीयत, भीष्म म्हणतात धर्म फार सूक्ष्म आहे, आणि तेवढ्यात एक पोरगा उठतो. विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. तो म्हणतो की ही पाचांची बायको आहे, आणि युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता मग हिला पणाला लावायचा हक्क त्याला राहिलाच कुठे, ही जिंकली गेलेली नाही. भावाच्या सभेत, भावाच्या तोंडावर. आणि त्याला गप्प कोण बसवतं? कर्ण. तू लहान आहेस, तुला काय कळतं म्हणून झाडतो आणि वर द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगतो. रेवा, मी ते पान बंद करून बराच वेळ नुसती बसले होते. कर्णाचं सगळं दुःख मला अजूनही कळतं, पण त्यानंतर त्याच्यासाठी रडायला आलं नाही ते नाहीच. विकर्ण पुढे युद्धात भावाकडूनच लढतो आणि चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मरतो, आणि त्याला मारल्यावर भीमाला वाईट वाटतं. शंभर जणांना मारायची शपथ घेतलेला माणूस एकासाठी हळहळतो! एवढीशी गोष्ट, पण मला त्या एकट्या माणसासाठी सगळं पुस्तक परत वाचावंसं वाटलं.

तसाच युयुत्सू. तो धृतराष्ट्राचाच मुलगा पण दासीपोटी झालेला, युद्ध सुरू व्हायच्या आधी पांडवांकडे जातो. महाप्रस्थान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, पाच पांडव, द्रौपदी आणि कुत्रा, हिमालयाकडे चाललेत. पण परीक्षित नुकताच गादीवर बसलेला, मग मागे राज्य कोणाच्या हवाली केलं? युयुत्सूच्या. सगळे स्वर्गाच्या वाटेला लागले आणि हा मागे हस्तिनापुरात हिशेब बघत, परीक्षिताला सांभाळत राहिला. त्याचं पुढे काय झालं, त्याला एकटं वाटायचं का, हे कोणी विचारतच नाही. मला मात्र तेच वाचायला हवं होतं.

तर ओवीला पहिलं उत्तर हे. साइडचा आहे म्हणून मला कोणी आवडत नाही. मला थांबणारी माणसं आवडतात. बाकीचे निघून जातात, जिंकतात, मरतात, त्यांची गाणी होतात, आणि हे मागे थांबून जे उरलंय ते सांभाळतात.

लहानपणी पण बघ, चिमणरावांपेक्षा मला गुंड्याभाऊ आवडायचा, कारण चिमणरावांनी घोळ घातला की निस्तरायला तो हजर. आणि व्यक्ति आणि वल्लीमधला नारायण! लग्न कोणाचंही असो, शालू घ्यायला नारायण, बँडवाल्याला बोलवायला नारायण, जो तो नारायणा नारायणा करत त्याच्या मागे, आणि फोटोत मात्र तो नसणार. पुलंनी तो १९६२ च्या पुस्तकात लिहिला आणि अजून आपण खऱ्या माणसाला नारायण म्हणतो, आमच्याकडे ताईच्या लग्नात होता तो शेजारचा काका, आठवतोय ना. चार माणसं सोडून त्याला कोणी जेवलास का विचारलं नव्हतं. त्या चारात तू होतीस.

आता वॉटसन. तुला होम्स आवडतो आणि का आवडतो ते मला कळतं, तुला तुझ्यापेक्षा हुशार माणूस लागतो. मला पहिल्यापासून डॉक्टर आवडला. १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत त्याची कहाणी सुरुवातीच्या दोन पानात संपते आणि लोक ती पानं भरभर उलटतात, पण तिथे केवढं काय आहे. सैन्यात डॉक्टर म्हणून तो हिंदुस्थानात येतो, उतरतो आपल्या मुंबईत, आणि तिथे कळतं की पलटण पुढे अफगाणिस्तानात गेलीय. मग मैवंदची लढाई. ही लढाई खरी आहे, २७ जुलै १८८०, इंग्रज सपाटून हरले होते, आणि त्यात आपल्याकडच्या, मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स, कितीतरी माणसं तिथेच राहिली. गोष्टीतल्या वॉटसनला तिथे खांद्यात गोळी लागते. आणि त्याला वाचवतो त्याचा ऑर्डर्ली, मरे नावाचा, तो त्याला उचलून सामानाच्या घोड्यावर टाकतो आणि आपल्या सैन्यापर्यंत घेऊन येतो. एका वाक्यात आला आणि एका वाक्यात गेला. सगळ्या होम्सकथांत तो परत दिसत नाही. पण मरेने त्या दिवशी घोडा गाठला नसता तर वॉटसन नाही, आणि वॉटसन नाही तर होम्सच्या गोष्टी लिहिणार कोण? मी जेव्हा जेव्हा होम्स वाचते तेव्हा मला मरेची आठवण येते, खरंच येते.

आणि पार शेवटी शेवटी, १९२४ च्या एका गोष्टीत, वॉटसनला परत गोळी लागते, जखम किरकोळच असते पण होम्सचा चेहरा बदलतो, ओठ थरथरतात. इतकी वर्षं सोबत राहिल्यावर एकदाच ते दिसतं. वॉटसनला वाटतं की एवढं बघायला मिळालं त्यासाठी जखम परवडली. तू म्हणतेस की होम्स थंड माणूस आहे, मला वाटतं त्याचं मन आपल्याला फक्त वॉटसनमुळे कळतं. कौतुक करायलाही मोठं मन लागतं, ते वॉटसनकडे आहे.

मरेवरून सॅम आठवतोच. लॉर्ड ऑफ द रिंग्ज तू अर्धं सोडलंस त्याला आता पंधरा वर्षं झाली, मी काही बोलणार नाही. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात होता, १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत, आणि त्याने म्हणून ठेवलंय की सॅम म्हणजे त्याने तिथे बघितलेले साधे शिपाई आणि ऑफिसरांच्या दिमतीला असायचे ते ऑर्डर्ली, आणि ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी सरस होती. म्हणजे दोन वेगळ्या लेखकांच्या दोन वेगळ्या पुस्तकांत तोच माणूस आहे बघ, जखमी साहेबाला उचलून नेणारा! मरेला एक वाक्य मिळालं, सॅमला हजार पानं.

सॅम माळी आहे. त्याचा मालक फ्रोडो मेला असं समजून तो त्याच्याजवळची मोहात पाडणारी जादूची अंगठी स्वतःकडे घेतो तेव्हा अंगठी त्याला भूल घालते, की तू मोठा वीर होशील, ही सगळी काळी जमीन तुझ्या हुकमाने बाग होईल. आणि त्याला स्वतःचंच कळतं की आपल्याला आपल्या दोन हातांनी करता येईल एवढी छोटी बाग पुरे, बाकीचं आपलं नाही. मग फ्रोडो जिवंत सापडल्यावर अंगठी परत देऊन टाकतो. ती अंगठी आपणहून सोडणारे त्या अख्ख्या गोष्टीत हाताच्या बोटावर मोजता येतील. आणि शेवटी डोंगर चढताना अंगठीचं ओझं मला घेता येत नाही पण तुला तर उचलता येतं म्हणून तो फ्रोडोलाच पाठीवर घेतो. मी हे किती वेळा वाचलं असेल गं, दर वेळी घसा दाटतो. त्याच गोष्टीतला सेनापती फॅरॅमिर पण तसाच, अंगठी आयती हातात आलेली असताना तो जाऊ देतो. २००२ च्या सिनेमात त्याला आधी मोहात पडलेला दाखवलाय, फ्रोडोला पकडून घेऊन जातो वगैरे, त्याचा मला अजून राग आहे. सिनेमा चांगला आहे पण तो माझा फॅरॅमिर नाही.

बरं, आता हॅरी पॉटरच्या मास्तरांवरून आपलं जुनं भांडण. स्नेप.

रेवा, मला माहितीय तो तुझा आहे. त्याने एकाच बाईवर आयुष्यभर प्रेम केलं, जीव धोक्यात घालून दोन्हीकडे नाटक केलं, कोणाला पत्ता लागू दिला नाही, सगळं मान्य. त्याची धिटाई मी कधीच नाकारली नाही. पण मला तो वर्ग विसरता येत नाही. तिसऱ्या पुस्तकात बोगार्ट येतो ना, समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचं रूप घेणारा, तेव्हा हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलची भीती कोण निघते? स्नेप. ज्या मुलाच्या आईबापांना छळून छळून वेडं केलं गेलं त्याला सगळ्यात जास्त भीती त्या छळणाऱ्यांची वाटत नाही, वर्गातल्या मास्तरांची वाटते! मला ते वाचताना आठवीतले गणिताचे सर आठवले, मला फळ्यापाशी उभं करून सगळ्या वर्गाला हसायला लावायचे ते, तू तेव्हा एकटी हसली नव्हतीस आणि तिथूनच आपली मैत्री सुरू झाली. रोज सकाळी पोटात गोळा यायचा. मोठेपणी कळलं की त्या सरांचंही घरी काहीतरी दुःख होतं. असेल. मी तेरा वर्षांची होते.

आणि त्याच प्रसंगात तो तास घेणारा दुसरा मास्तर, ल्युपिन आहे. स्नेप सगळ्यांसमोर सांगून जातो की या मुलाला काही अवघड देऊ नका, आणि ल्युपिन शांतपणे म्हणतो की मी तर पहिला त्यालाच बोलावणार होतो. आणि बोलावतो, आणि शेवटचा वारही त्यालाच करायला देतो. फाटक्या झग्याचा, आजारी, कुठे नोकरी टिकत नाही असा माणूस, पण कोणाला काय हवंय ते त्याला बरोबर दिसतं. स्नेपचं दुःख मोठं होतं आणि ल्युपिनचं काय लहान होतं? एकाने ते पोरांवर काढलं, एकाने नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

नेव्हिलचं तर काय सांगू. त्याचा वाढदिवस ३० जुलै, हॅरीचा ३१. हॅरीबद्दलची ती भविष्यवाणी त्याचीही असू शकली असती, म्हणजे सगळी गोष्ट त्याची व्हायची ती खलनायक व्हॉल्डेमॉर्टने हॅरीला निवडलं म्हणून नाही झाली, आणि त्याने याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. सातव्या पुस्तकात हॅरी, रॉन, हर्मायनी रानोमाळ फिरत असतात तेव्हा शाळेत थांबतं कोण? मार खाऊन, तोंडावर जखमा घेऊन, लहान मुलांना लपवून ठेवणारा नेव्हिल. तलवार तो नंतर उचलतो, सापाला नंतर मारतो, सिनेमात लोक तिथे टाळ्या वाजवतात. मी त्या आधीच्या महिन्यांसाठी वाजवते.

पाचव्या पुस्तकातलं हॉस्पिटलचं पान मी पहिल्यांदा २००३ च्या पावसाळ्यात वाचलं, मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी मागून आणलेलं, एसटीत खिडकीशी बसून. नेव्हिलची आई त्याला ओळखत नाही, काही बोलत नाही, नुसती येऊन त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे, असले ढीगभर दिलेत. आणि तो हळूच खिशात घालतो. तेव्हा मला वाईट वाटलं, बास, तेवढंच.

मग आमच्या आजीचं झालं. तुला माहितीय शेवटची तीन वर्षं तिला कोणी ओळखू येत नव्हतं, आईला तर ती अहो बाई म्हणायची. आई तिची सून, नोकरी सोडून तिचं सगळं करत होती, आंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं. आत्या, काका यायचे, रडून जायचे. एक दिवस आजीने उशीखालून वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली खडीसाखर काढली आणि आईच्या हातात दिली, म्हणाली घ्या बाई, तुम्ही फार करता. आईने ती खाल्ली नाही. अजून आहे तिच्या कपाटात, पुडीसकट, साड्यांच्या खाली, मुंग्या लागू नयेत म्हणून डबीत घालून ठेवलीय. मला गेल्या दिवाळीत आवराआवर करताना सापडली आणि मी न विचारता परत होती तशी ठेवली.

हे ओवीला आत्ताच वाचून दाखवू नकोस. हॉस्पिटलचं पान पुस्तकाच्या साधारण मध्याच्या पुढे आहे, नाताळच्या सुट्टीत, तिला तिथपर्यंत आपली आपण पोचू दे. पोचली की मला लगेच फोन करायला सांग, रात्री उशीर झाला असला तरी चालेल. ती काय म्हणते ते मला ऐकायचंय.

तुझीच,
मीनू