पंचांगाचं एकच पान

कोपरखैरणे, नवी मुंबई

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

नागपूरला तुझ्या मोबाइलवर संकष्टीचा चंद्रोदय 8.45 चा आणि इथे आजीच्या पंचांगात 9.10 चा, म्हणून पंचांग थोतांड, असं तू लिहिलंस. अरे, दोन्ही वेळा बरोबर आहेत. आपण साधारण 73 रेखांशावर, नागपूर 79 वर. अंशाला चार मिनिटं धरलीस की चोवीस-पंचवीस मिनिटांचा हिशेब लागतो. शिवाय छापलेली वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. आपल्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. तो नजरेला पाच अंश उंच दिसत असेल, तर चंद्र डोंगरावर यायला आणखी वीस-बावीस मिनिटं जातात.

तिथीचं गणित तर तू स्वतः करू शकशील. चंद्राच्या भोगांशातून (राशिचक्रावरचं स्थान, अंशांत) सूर्याचे भोगांश वजा कर, उत्तर ऋण आलं तर 360 मिळव, मग 12 ने भाग. समज, सूर्य 100 अंशांवर आणि चंद्र 322 वर आहे. वजाबाकी 222, भागाकार साडेअठरा. म्हणजे 18 तिथी संपल्या, एकोणिसावी चालू, ती वद्य चतुर्थी. एकच काळजी घे. एक आकडा सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) आणि दुसरा निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेला) घेतलास तर उत्तर 24 अंशांनी, म्हणजे तब्बल दोन तिथींनी चुकेल. दोन्ही एकाच पद्धतीचे घेतलेस तर वजाबाकीत अयनांश, म्हणजे या दोन पद्धतींतला फरक, आपोआप उडून जातात. चंद्राचा वेग सारखा नसतो, म्हणून तिथी कधी 20 तासांहूनही लहान भरते, कधी 26 तासांच्याही पुढे लांबते. क्षयतिथी (एकाही सूर्योदयाला नसलेली) आणि वृद्धितिथी (दोन सूर्योदयांना असलेली) यातूनच येतात. यात श्रद्धेचा काही भाग नाही. वेधाशी, म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाशी, जुळलं नाही तर गणित बदलायचं, आणि आपल्याकडे ते बदललंही गेलं आहे.

आता कधी लागोपाठ दोन दिवस चंद्रोदयाला चतुर्थी असते. मग उपास कुठल्या दिवशी? हे दुर्बिणीला विचारून उपयोग नाही. त्याचा निर्णय धर्मसिंधूसारखे धर्मशास्त्राचे ग्रंथ देतात, कारण तो नियम माणसांनी आपल्या उपासनेसाठी ठरवलेला आहे. तो पाळायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. आजी पाळते, तिच्या त्या निष्ठेचा मला मनापासून आदर आहे.

खरी अडचण येते ती आकाशाबद्दलचं विधान श्रद्धेच्या नावावर चालू राहतं तेव्हा. ‘मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होतं’ हे वाक्य घे. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. संक्रांत मात्र निरयन वर्षाने ठरते, आणि ते सायन वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं, त्यामुळे साधारण 70-72 वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आज ती 14-15 जानेवारीला येते. टिळक पंचांग वेगळे अयनांश घेतं, म्हणून त्यात ती 10 जानेवारीच्या सुमारास असते. दोन पंचांगांत संक्रांत वेगळी, कधी अधिक मासही वेगळा, पण तिथी जुळते. का, ते वरच्या वजाबाकीत आहेच. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने 1955 च्या अहवालात हा सगळा गोंधळ मांडला, आणि 22 मार्च 1957 पासून ऋतूंशी बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिळगूळ जानेवारीतच वाटावा, त्यात काहीच बिघडत नाही. पण लहान मुलांना उत्तरायणाची तारीख खरी सांगावी, असं मला फार वाटतं.

राहिलं फलज्योतिष. अमुक ग्रहामुळे अमुक होईल, हा दावा मोजता येतो, तेव्हा तो मोजावाच. 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी तो मोजला. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यातल्या 40-40 पत्रिका एकेका ज्योतिषाकडे पाठवून मूल कुठल्या गटातलं ते विचारलं. 27 जणांची उत्तरं आली. बरोबर आलेली 46 टक्के. छापा-काटा केला असता तरी एवढी आलीच असती. त्यामुळे पत्रिका जुळत नाही म्हणून कुणाचं लग्न मोडलं, तर ते मला अन्यायाचंच वाटतं.

2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल. आर्यभटाने इसवी सन 499 मध्येच ग्रहण म्हणजे सावली असं लिहून ठेवलंय. आजी स्नान, जप करील, करू दे. पण शिजलेलं अन्न टाकायचं नाही आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला उपाशी, अंधारात बसवायचं नाही. सावलीने अन्न नासत नाही आणि पोटातल्या बाळालाही काही होत नाही. धोका आहे तो फक्त डोळ्यांना. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल यातलं काहीही चालत नाही. आयएसओ 12312-2 (सूर्य पाहायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेला चष्माच आण, आणि त्यावर ओरखडा असेल तर तो वापरू नकोस.

तुझा,
बाबा