विषय: जागच्या जागी असलेला फोल्डर ‘डिलीट झाला’ म्हणून सांगणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरचे पैसे परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीशी बोलून फोन ठेवला. ‘तुमची समस्या सुटली आहे’ असा मेल मी बोलत असतानाच येऊन पडला होता. समस्या तेव्हा माझ्यासमोर स्क्रीनवर होती.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मी नव्या मशीनला जोडली आहे. तिच्यावरचा बॅकअपचा एक फोल्डर काही केल्या जात नव्हता. ‘ॲक्सेस डिनाइड’चा, म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही, तो मी ‘टेकओन’ आणि ‘आयकॅकल्स’ या कमांड वापरून आधीच निस्तरला. हे तुमच्या प्रत्येक माणसाला नव्याने सांगितलं आणि प्रत्येकाने तरीही ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करायला लावलं. चेकडिस्क चालवायला सांगितलं, तेही झालं. डिस्क ठणठणीत आहे. अडचण आतल्या फाइलींच्या नावांची होती. त्यांच्या शेवटी टिंब आहे. बॅकअप दुसऱ्या सिस्टिमवरून आलेला, तिथे अशी नावं चालतात. विंडोज मात्र शेवटचं टिंब गाळून नाव वाचतं, त्या नावाची फाइल शोधतं आणि ‘सापडली नाही’ म्हणतं.

नेमक्या अशाच ‘हट्टी’ फाइलींसाठी तुम्ही पैसे घेता. फोर्स डिलीट दाबलं, रीस्टार्ट केलं, हिरवी खूण आली. फोल्डर तिथेच. पुन्हा केलं, पुन्हा हिरवी खूण. माझा अंदाज असा, की न हटलेली फाइल तुम्ही विंडोजच्या ‘रीस्टार्टच्या वेळी काढा’ या यादीत टाकता आणि नोंद झाली म्हणजे काम झालं असं धरता. त्या यादीतला फोल्डर आतून रिकामा असेल तरच जातो, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी सांगायचं?

आता आजचा संवाद. प्रतिनिधीने माझी स्क्रीन रिमोटने उघडली. माऊस त्या फोल्डरवर नेला आणि म्हणाला, “सर, आमच्या लॉगमध्ये हा फोल्डर डिलीट झालेला आहे.”
“तुम्ही आत्ता त्याच्यावरच माऊस ठेवलाय.”
“हो सर. पण तो डिलीट झालेला आहे.”
एफ-फाइव्ह दाबून यादी ताजी करून झाली. फोल्डर कुठे जाणार होता? मग काही वेळ शांतता. मग त्याने प्रॉपर्टीज उघडल्या, ‘हिडन’वर टिक केली, एक्सप्लोररमधलं ‘हिडन आयटम्स’ बंद केलं आणि विचारलं, “आता दिसत नाही ना सर?”

मांजर डोळे मिटून दूध पितं, हे ऐकून होतो. तुमच्याकडे तर ग्राहकाचेच डोळे मिटवतात. यावर “एवढंच असेल तर ड्राइव्ह फॉरमॅट करा” हा सल्लाही मिळाला. त्याच ड्राइव्हवर वर्षानुवर्षांचे फोटो आहेत. आणि फॉरमॅटच करायचं असतं, तर तुमचं सॉफ्टवेअर कशाला घेतलं असतं?

फोन ठेवल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडला, फोल्डरच्या पाथच्या आधी \\?\ लावलं, म्हणजे विंडोज नाव टिंबासकट जसंच्या तसं घेतं, आणि फोल्डर काढणारी ‘आरडी’ कमांड दिली. फोल्डर गेला. ही सोय विंडोजमध्ये फुकट आहे. त्यामुळे आता ‘पुढच्या अपडेटमध्ये बघू’ असं कळवण्याची तसदी घेऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं: लॉगमध्ये ‘यशस्वी’ अशी नोंद असल्यामुळे परतावा देता येत नाही. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं आणि तोच तुमचा साक्षीदार. हिरवी खूण आणि तिच्या शेजारी तो फोल्डर, असे तारीख-वेळेसकटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

तुमची जुनी आवृत्ती मी अनेकांना सुचवली होती. ती निदान ‘जमलं नाही’ असं सरळ सांगायची.

पूर्ण रक्कम परत करा आणि आपोआप नूतनीकरण बंद करा. नाहीतर कार्ड देणाऱ्या बँकेकडे या व्यवहाराला हरकत घेईन आणि हेच स्क्रीनशॉट ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जातील. उत्तर लेखी द्या, फोन नको. आणि ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल’ हा मेल कृपया पाठवू नका. तो मात्र मला डिलीट करता येतो.

तुमचा, नूतनीकरणाच्या तारखेपर्यंतचा ग्राहक