बाईंना, विश्वामित्रीकाठच्या नाटकाबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

बडोद्याच्या विश्वामित्री नदीविषयीच्या आमच्या नाटकाचा बारावा प्रयोग गेल्या रविवारी पार पडला आणि अनुदानाच्या रकमेतला शेवटचा रुपयाही खर्ची पडला. हे पत्र आपल्या घरी आणून देता आले असते. परंतु नाटक लोकांच्या पैशावर उभे राहिले, तेव्हा आभारही चारचौघांत मानावेत, असे आमच्या मंडळातल्या सर्वांनाच वाटले.

२०२४ च्या ऑगस्टमधील पुरानंतर आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा आमच्याजवळ संतापाखेरीज फारसे काही नव्हते. तळमजल्यांत पाणी शिरले होते, मगरी वस्त्यांत आल्या होत्या, आणि आमच्या पहिल्या संहितेत मगर हीच खलनायिका होती. आपण समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : "पाणी ओसरल्यावर ही गेली कुठे?" त्या प्रश्नापायी आम्ही मे महिन्यात नदीकाठी फिरलो. पावागडच्या डोंगरातून येणाऱ्या या नदीच्या मातीच्या काठांत मगरी बिळे करून राहतात, तिथेच अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडतात. पुराचे पाणी नदीलगतच्या ज्या कोतरांत, म्हणजे घळींत, पसरायचे, तीच राडारोडा टाकून सपाट केली की पाणी आणि मगर दोन्ही आपल्या दारात येतात, हे समजल्यावर नाटक मुळापासून नव्याने लिहावे लागले.

पुढे एका कार्यालयातून राडारोड्याचा प्रवेश गाळण्याची सूचना आली आणि आमच्यातले काहीजण तो गाळायला तयारही झाले. त्या संध्याकाळी आपण आम्हांला अमेरिकेतल्या फेडरल थिएटर प्रोजेक्टची हकिकत सांगितली : मंदीच्या काळात, १९३५ मध्ये, बेकार रंगकर्मींना काम मिळावे म्हणून सरकारी खर्चाने सुरू झालेला, हॅली फ्लॅनगन यांनी चालवलेला उपक्रम, शेती, घरे, वीज अशा प्रश्नांवर, कागदपत्रे तपासून रचलेली त्यांची 'जिवंत वृत्तपत्रे' नावाची नाटके, आणि १९३९ मध्ये संसदेने त्याचा बंद केलेला निधी. सरकारी पैशावरचे नाटक बंद पाडणे सोपे असते, म्हणून त्यातले वाक्यन् वाक्य पुराव्यानिशी उभे राहिले पाहिजे, असे आपले म्हणणे होते. आम्ही तारखांसह छायाचित्रे जोडली, आधार नसलेला एक आकडा स्वतःहून काढला, आणि प्रवेश राहिला.

बडोद्यात कलेला सरकारी आधार नवा नाही; सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये राज्याच्या खर्चाने गायनशाळा काढली, तिचीच परंपरा आज विद्यापीठाच्या नाट्यशिक्षणापर्यंत आली आहे, आणि आपण त्याच परंपरेतल्या. तरीही नाटक सभागृहात न करता नदीकाठच्या वस्त्यांत, भवाई या गुजराती लोकनाट्याच्या रीतीने जमिनीवर रिंगण धरून, गुजराती आणि मराठी दोन्हींत करावे, हा आग्रह आपलाच. नायकाला उलटसुलट प्रश्न विचारणारा 'रंगलो' हा भवाईतला विदूषक नसता, तर आमचे नाटक भाषण झाले असते. सायकलच्या जुन्या ट्यूब आणि तांदळाची पोती शिवून केलेली अठरा फुटी मगर सहा मुले आतून चालवत, आणि ती रिंगणात आली की पुढची पोरे किंचाळत मागे सरत व पुन्हा पुढे येत.

प्रत्येक प्रयोगानंतर पावत्यांची फाइल टेबलावर उघडी ठेवायची, ही आपली अट प्रथम आम्हांला जाचक वाटली होती. तिसऱ्या प्रयोगाला भाजी विकणाऱ्या एका मावशींनी मगरीला किती खर्च आला, असे विचारले. सहाशे चाळीस रुपये, असे सांगून पावत्या दाखवल्या, तेव्हा त्यांनी त्या एकेक करून पाहिल्या आणि मग आपल्या वस्तीमागच्या कोतरात रात्री ट्रॅक्टर केव्हा येतात, ते आम्हांला सांगितले. चौथ्या प्रयोगापासून तो प्रसंग नाटकात आहे.

फाइल पूर्ण झाली आहे. ती आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय आम्ही पुढच्या वर्षाचा अर्ज करणार नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी ती घेऊन येतो.

आपले कृतज्ञ,
नाट्यमंडळातील सर्वजण, बडोदे