भाषा बदलली की पत्ता पण बदलतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत ॲप आता मराठी-गुजरातीतही मिळायला लागलीत म्हणून कौतुक वाचलं, छानच आहे, पण मी इथे बडोद्यातच सॉफ्टवेअरच्या स्क्रीन बनवतो म्हणून राहवलं नाही. नुसतं भाषेचं बटण दिलं म्हणजे झालं असं नसतं हो.

आमच्या शेजारच्या काकूंनी एका क्रेडिट सोसायटीच्या ॲपमधे (नाव कशाला घेऊ) पत्ता भरताना यादीतून दांडिया बाजार निवडलं, तेव्हा स्क्रीन इंग्लिशमधे होती. नंतर नातवाने मराठी करून दिली तर पत्त्यात कारेलीबाग! काकू म्हणे माझंच बोट चुकलं असेल. अजिबात नाही. इंग्लिश यादी लागते अलकापुरी, दांडिया बाजार, फतेहगंज, कारेलीबाग अशी, आणि मराठीत लावली की अ नंतर लगेच क, म्हणजे अलकापुरी, कारेलीबाग आणि मग दांडिया बाजार. ॲपने सेव्ह काय केलं होतं तर "वरून दुसरं". प्रत्येक एरियाला स्वतःचा कोड द्यायचा, तोच साठवायचा आणि नाव फक्त दाखवायला ठेवायचं, एवढं केलं असतं तरी यादी कशीही फिरवा, काकू दांडिया बाजारातच राहिल्या असत्या.

डेटा वेगळा आणि दाखवणं वेगळं ही काय आजची गोष्ट नाही, नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 मधे झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात असताना मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे डेटा, स्क्रीन आणि वापरणाऱ्याच्या सूचना वेगवेगळ्या ठेवायची पद्धत, मांडलं ते ह्याचसाठी. एक्सेलमधे तर घरबसल्या बघता येतं, 1 जानेवारी 2024 टाका आणि फॉरमॅट जनरल करा, 45292 दिसेल. आत नुसता आकडा आहे, तारीख हा वरचा पोशाख, म्हणून सॉर्टिंग बरोबर होतं. आमच्यातले काही लोक मात्र स्क्रीनवर दिसतं तेच टेक्स्ट म्हणून ठेवतात, मग डावीकडून एकेक अक्षर बघून क्रम लागतो, 02/11/2023 हे 03/04/2021 च्या आधी येऊन बसतं आणि क्लार्क बिचारा शिव्या खातो. रकमेचं तर विचारूच नका, 1,25,000 स्वल्पविरामासकट जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रामिंग भाषेतल्या पार्सइंटला (टेक्स्टमधून आकडा काढणारी आज्ञा) दिलं तर ते पहिल्या स्वल्पविरामाला थांबतं आणि हातात येतो 1. त्यात मराठी आकडे आले की अजून मजा, कारण ५ आणि 5 ही कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी अक्षरं, सर्चमधे एक टाकलं तर दुसरं सापडेलच असं नाही.

ह्याला काही जास्तीचा खर्च लागत नाही, सुरवातीलाच नीट केलं तर. सोसायट्या, ट्रस्ट, शाळावाल्यांनी ॲप घेताना रंग आणि लोगोवर तासभर घालवण्यापेक्षा डेमोलाच यादीतून एक नाव निवडून सेव्ह करावं, भाषा बदलावी, यादी उलटी सॉर्ट करावी आणि निवडलेलं नाव तेच आहे का बघावं. नसेल तर चेक फाडू नका.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा