जहाजावरची पंगत

येवदा, ता. दर्यापूर, जि. अमरावती
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय गजू,

परवा फोनवर तू विचारलंस, "लेका, जहाजावर जेवाले काय भेटते ते तर सांग," आणि मी सांगायला लागलो तर रेंजच गेली. बरं झालं. तुझं पोरगं तुम्हा दोघांना मुंबई-गोव्याच्या क्रूझवर पाठवणार आणि सुनंदावहिनींना धास्ती फक्त जेवणाची. या विषयावर माझ्यासारख्या आचाऱ्याला फोनवरची पाच मिनिटं पुरत नाहीत. आता लगीनसराईच्या ऑर्डरी सुरू झाल्या की मला पाणी प्यायलाही सवड नाही, म्हणून आजच लिहायला बसलो.

आम्ही गेलो ते भाच्याच्या हट्टानं. आमच्याकडच्या लग्नात कांदे सोलायला बसायचा तोच हा. हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि आता परदेशी कंपनीच्या मोठ्या जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या भटारखान्यात आहे. सुट्टीवर आला आणि म्हणाला, "मामा, तू आयुष्यभर पंगती उठवल्या, आता एकदा बसून जेव." बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस, मग मुंबईत बॅलार्ड पिअरचा धक्का, आणि तिथून जहाजावर चढलो. खोली, समुद्र, रात्रीचा नाचगाणा हे सगळं तुझं पोरगं तुला मोबाइलवर दाखवेल. मी जेवणाचंच लिहितो.

निकाल आधी सांगून टाकतो. जेवण वाईट नसतं. भरपूर असतं, स्वच्छ असतं, वेळेवर असतं. पण कोणाचीही तक्रार येऊ नये अशा बेतानं केलेलं असतं. गुजराती, पंजाबी, बंगाली, मद्रासी, त्यांची लेकरं, त्यांचे म्हातारे, सगळ्यांना एकच भाजी चालली पाहिजे. मग तिखट काढ, हिंग काढ, लसूण कमी कर. दुसऱ्या दिवशी काल काय खाल्लं ते आठवत नाही. तुझ्या वहिनीनं पहिला घास घेतला आणि हळूच विचारलं, "मीठ विसरले काय जी?" मीठ होतं. बाकीचंच नव्हतं.

बुफेचं जरा खोलात सांगतो, कारण तुम्ही पहिले तिथंच जाणार. मी ताट उचलायच्या आधी भांडी पाहिली. लांब-लांब ट्रे, खाली गरम पाणी, वरून दिवे. पनीर, मटार-आलू, मिक्स व्हेज, तिन्हीच्या बुडाशी ग्रेव्ही एकच. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वासावरून कळतं. सकाळी कांदा-टोमॅटो-काजूचा एक मोठा हंडा उकळून ठेवायचा, मग त्यात पनीर पडलं की पनीर, मटार पडले की मटार. यात गैर काही नाही, अमरावतीचे हॉलवालेही तेच करतात. पण तिसऱ्या जेवणाला जीभ ओळखते. पोळ्यांचं तर विचारूच नको. झाकणाखाली वाफ धरून ओल्या झालेल्या. वरची तुटते, खालची ताणते. तुझ्या वहिनीनं एक चिमट्यानं उचलली, उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवायला गेली. तिथं उचललेलं परत ठेवू देत नाहीत, म्हणून भाच्यानं ती मुकाट्यानं आपल्या ताटात घेतली.

त्याच बुफेत एका कोपऱ्यात तव्यावर डोसा काढून देत होते. तो एक नंबर. कारण उघड आहे, तव्यावरून ताटात यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच त्याचं वय. पावही चांगला. जहाजाची बेकरी रात्रभर चालते, सकाळी त्या बाजूला गेलं की भाजल्याचा वास येतो. तेव्हा वहिनींना सांग, ट्रेमधल्या चार भाज्यांवर हात मारण्यापेक्षा डोळ्यासमोर जे बनते ते घ्यायचं. आणि बुफे उघडला की पहिल्या अर्ध्या तासात जायचं. बंद व्हायच्या वेळेला ट्रेच्या कडेला साय धरलेली भाजी असते, ती आपण आपल्या पंगतीतही शेवटच्या माणसाला वाढत नाही.

याच्याहून चांगलं ते बसून जेवायचं दालन. वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, वेटर तोच. रोज चार-पाच पदार्थांचा कागद हातात देतात, त्यातून निवडायचं. पैसे वेगळे नाहीत, तरी निम्मे लोक तिकडं फिरकत नाहीत, बुफेत रांगा लावतात. भाचा म्हणाला, गॅलीलाही हे बरं पडतं. किती टेबलं, किती वाजता, काय मागवलं, सगळं ठाऊक असतं, तेव्हा पदार्थ थेट ताटासाठी शिजतो, ट्रेसाठी नाही. तिथं मी एकदा दाल मागितली. वरण म्हणायला लाज वाटावी अशी नव्हती. वाटीच्या काठाला तूप चिकटलेलं, वरून जिऱ्याची फोडणी आत्ता दिलेली, जिरं अजून तडतडत होतं. मी दोनदा घेतली.

आता मुख्य गोष्ट. जाळ नाही. मी भाच्याला विचारलं, "वांगं भाजता कसं रे?" तो हसला. जहाजाच्या गॅलीत उघडी ज्योत पेटवत नाहीत. सगळं विजेवर: विजेचे तवे, वाफेवर चालणारे गंज, मोठे ओव्हन. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही आणि बंब बोलवायला कोणी नाही, म्हणून नियम कडक. तळणाच्या कढईलाही दोन-दोन थर्मोस्टॅट, एक बिघडला तर दुसऱ्यानं तेल जास्त तापू द्यायचं नाही, आणि आग विझवायची यंत्रणा वरच बसवलेली. जहाज डोललं तर भांडं घसरू नये म्हणून शेगडीला चहूकडून कठडा. हे सगळं ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मला काय कमी लागत होतं. धूर. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, गोवऱ्यांच्या आरातले रोडगे, चुलीवरच्या गंजातली आलू-वांग्याची तर्री, हे सगळं जाळाचं काम आहे. ते लोक कितीही हुशार असोत, वांगं ओव्हनमध्ये मऊ करू शकतात, भाजू शकत नाहीत. यात स्वयंपाक्याचा काही दोष नाही, हे वहिनींनाही सांग, नाहीतर नावं ठेवत बसतील.

पाण्याचं मात्र मला फार कौतुक वाटलं. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली की दुपारपर्यंत टणक ती टणकच. शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलं नाही त्या दिवशी मला ऑर्डर घ्यायची भीती वाटते, टँकर सांगावा लागतो. आणि हे लोक चक्क समुद्राचं पाणी गोड करून त्यात स्वयंपाक करतात. काही इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून परत थंड करतात, काही आपल्या आरओसारखंच पण दाबून-दाबून पडद्यातून काढतात, आणि बंदरातूनही भरून घेतात. म्हणूनच ती दाल तशी मऊ शिजली होती. एवढं खारं पाणी चहूबाजूला आणि भात पांढराशुभ्र, मोकळा. आपल्या गावात ते यंत्र आणून बसवावंसं वाटलं.

स्वच्छतेबद्दल वहिनींनी मुळीच घोर करू नये, पण हात मात्र साबणानं धुवायचे. नोरोव्हायरस म्हणून ओकारी-जुलाबाचा एक रोग आहे, तो जहाजावर एकदा शिरला की पसरतो, आणि बाटलीतलं सॅनिटायझर त्याला पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. साथीची शंका आली की बुफेचे चमचे प्रवाशांच्या हातून काढून घेतात, माणसं वाढायला उभी राहतात. म्हणजे आपली पंगतच की. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांना तर सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचे लोक न सांगता येऊन तपासतात आणि १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा खाली आले की नापास, आणि गुण सगळ्या जगाला दिसतात. भाच्याच्या जहाजावर तपासणीची नुसती कुजबुज झाली तरी शेफचं जेवण जात नाही म्हणे. त्या तपासणीवाल्यांचा नियम सरळ आहे: गरम पदार्थ ५७ अंशांच्या खाली उतरू द्यायचा नाही आणि थंड ५ अंशांच्या वर चढू द्यायचा नाही. मधल्या कोमट हवेत अन्न नासतं. आपल्याकडं महाप्रसादाची भाजी सकाळी नऊला उतरते आणि चारला शेवटची पंगत बसते, मग पेपरात बातमी येते. परत आल्यावर मी दर्यापूरहून थर्मामीटर आणला. गंजात खुपसला की हाताखालची पोरं हसतात, "काका, भाजीले ताप आला काय?" हसू देत.

त्या पोरांवरून आठवलं. भाचा सांगत होता, जहाजावर आठवडी सुट्टी नावाची गोष्टच नाही. करार असतो तोवर रोज काम. नियमानं चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे उरलेल्यात किती काम बसतं ते तूच मोज. आणि गंमत पाहा, त्यांच्या जहाजावर सगळ्यात तिखट-चविष्ट रस्सा प्रवाशांना नाही, कामगारांच्या जेवणघरात मिळतो. गोव्याचे, मुंबईचे, केरळचे, फिलिपिन्सचे स्वयंपाकी आपापल्या माणसांसाठी मन लावून करतात. आम्ही गेलो त्या जहाजावरही हाच अनुभव. मी दुसऱ्या दिवशी वेटरला साधं म्हटलं, "भाऊ, हिरवी मिरची-लसूण कुटून मिळेल का?" तो आत गेला आणि वाटीभर ठेचा घेऊन आला, मीठ-तेल बरोबर, वरून लिंबू पिळलेलं. म्हणजे येतं सगळं, कोणी मागत नाही म्हणून करत नाहीत. तेव्हा लाजायचं नाही. मागायचं.

मोठ्या जहाजांचं आणखी वेगळं. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालं ते आयकॉन ऑफ द सीज, त्यावर भरगच्च असताना साडेसात हजारांच्या वर प्रवासी आणि तेवीसशेच्या वर कामगार. एवढी माणसं रोज तीन वेळा, आणि मधल्या वेळचं चरणं निराळं. मी जास्तीत जास्त मोठं लग्न केलं असेल तेही एका दिवसात आटोपतं, आणि कांदा कमी पडला तर पोराला मोटारसायकलवर पिटाळता येतं. समुद्रात कांदा कमी पडला तर कमीच पडला. तिथं सामान भरून घेणाऱ्या माणसाच्या हिशेबाला माझा दंडवत.

एक गोष्ट मात्र डोळ्यात खुपली. ताटं. पैसे आधीच भरलेले म्हणून लोक डोंगर रचतात आणि अर्ध टाकून उठतात. केकचे तुकडे तर एक घास घेऊन सोडलेले. आपल्याकडं पंगतीत टाकलं की आजोबा तिथल्या तिथं कान उपटायचे. तिथं कोण बोलणार? उरलेलं यंत्रात बारीक करतात. २५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेलं अन्न किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पुढं समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियमानं परवानगी आहे, न दळलेलं असेल तर बारा मैलांच्या पुढं. मासे जेवत असतील. माझ्यातल्या आचाऱ्याला काही ते पटलं नाही.

पैशाचं थोडक्यात. तिकिटात बुफे आणि बसून जेवणं येतं. बाटलीबंद पेयं, दारू, वेगळ्या नावाची खास रेस्टॉरंटं, यांचं बिल खोलीच्या कार्डावर चढत जातं आणि उतरायच्या सकाळी कळतं. आम्ही खास रेस्टॉरंटात एकदा गेलो, भाच्यानं पैसे दिले. खुर्च्या मऊ होत्या.

वहिनींच्या शुगरसाठी आणि गुरुवारच्या उपासासाठी चढायच्या आधीच कळवायला लागतं. जैन जेवण, बिनसाखरेचं गोड, सगळं करतात, पण ऐनवेळी सांगितलं तर फळं कापून देतात. बुकिंगच्या फॉर्मवर खाण्यापिण्याचा एक रकाना असतो, तो पोराला रिकामा सोडू देऊ नको. जहाज डोलत असेल त्या दिवशी तळलेलं टाळा, दोघांनीही.

तारीख पक्की झाली की कळव. भाचा जानेवारीपर्यंत इथंच आहे, काही विचारायचं असेल तर त्याच्याशी बोलणं करून देतो.

तुझा,
सुधाकर

ता. क. घरचं लोणचं, ठेचा नेऊ देत नाहीत, गेटवरच काढून घेतात. दुकानातलं सीलबंद पाकीट कधी कधी चालतं. वहिनींनी बरणी बांधायच्या आधी त्यांना हे वाचून दाखव.