घाणेरीच्या जाळीत हरवलेले गवत : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

अकोले तालुक्यात डांगी गुरे राखणाऱ्या घरातून हे पत्र लिहीत आहे. गेल्या वैशाखात डोंगरकडेचे गवत संपले आणि आमच्या कालवडीने घाणेरी (लँटाना) या रानझुडपाच्या पाल्याला तोंड लावले. एरवी त्या उग्र वासाकडे गुरे फिरकत नाहीत, पण भुकेपुढे वास टिकत नाही. तिसऱ्या दिवशी ती ऊन टाळून गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली; डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी गडद, नाकपुडीची कातडी भाजल्यासारखी सुटलेली. घाणेरीतील लँटाडीन हे विष यकृत बिघडवते आणि पित्त अडवते. मग हिरव्या चाऱ्यातून तयार होणारे, एरवी पित्तावाटे बाहेर पडणारे द्रव्य रक्तात साठते आणि उन्हात फिकट कातडी जळू लागते. त्यातच रवंथ थांबल्याने पाला पोटात तसाच पडून राहतो व विष अंगात उतरत राहते. कोळशाची पूड पाजूनही कालवड वाचली नाही. तिच्या मृत्यूची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

घाणेरी काढा म्हटले की फुलपाखरांचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. आमच्या बांधावरही ती या फुलांवर झुंबड करतात. मात्र ती येतात मधापुरती. बहुतेकांच्या अळ्यांना हा पाला चालत नाही, आणि कित्येक अळ्या तर गवतावरच वाढतात, म्हणजे या जाळीने गुरांचा आणि त्यांचा चारा एकदमच गिळला आहे. घाणेरीला आवर घालण्यासाठी ती खाणारा जाळीपंखी ढेकूण हा कीटक १९४१ साली ऑस्ट्रेलियातून आणला गेला होता, पण तो सागाच्या फुलांवरही जाईल अशी भीती निर्माण झाली. पुढे तो रानात पसरला, तरी घाणेरी हटली नाही.

म्हणून विनंती अशी की, कोयत्याने वरवर छाटण्याची कामे थांबवावीत, कारण छाटलेले खोड पुन्हा फुटते. पावसाच्या सुरुवातीला, माती मऊ असताना आणि बुलबुलांनी फळे खाऊन बी पसरवण्याआधी, मूळ जमिनीखालून तोडून झुडूप उपटावे. सुकलेला पालाही विषारीच असल्याने तो गुरांच्या वाटेवर पडू देऊ नये. काम पाणवठ्याच्या वाटांपासून सुरू करून दरवर्षी थोडे थोडे करावे, म्हणजे फुलपाखरांचा मध एकदम तुटणार नाही; मोकळ्या जागी त्याच पावसात मारवेल आणि पवना ही चाऱ्याची गवते पेरावीत. मजुरी रोजगार हमीतून गावच्या वन समितीमार्फत द्यावी. कुठली जाळी आधी काढायची, हे आमचे गुराखी दाखवतील.

आपला,
अकोले तालुक्यातील एक पशुपालक