निगेटिव्हबरोबर स्टुडिओच्या नोंदवह्याही जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, जुन्या कृष्णधवल छायाचित्रांविषयी आवर्जून लिहिले जाते. परंतु तालुक्याच्या गावांतील ज्या स्टुडिओंनी आपापल्या भागातील साध्या माणसांचे चेहरे पिढ्यानपिढ्या टिपले, त्यांच्या निगेटिव्हचे आणि विशेषतः त्यांच्या नोंदवह्यांचे पुढे काय होते, याचा विचार क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

आमच्या गावातील असा एक स्टुडिओ काही वर्षांपूर्वी बंद झाला. फिल्ममधील चांदीसाठी निगेटिव्ह किलोच्या भावाने भंगारात गेल्या आणि काचेच्या प्लेटा धुऊन तसबिरींना बसवल्या गेल्या. माझ्या हाती दोन खोकी लागली. त्यांत पडद्यावर रंगवलेल्या बंगल्यापुढे अवघडून उभी असलेली नवी जोडपी आहेत. स्टुडिओतलाच कोट अंगात, पण पायांत स्वतःच्या जाड वहाणा असलेला शेतकरी आहे. मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसलेला, बहुधा मुंबईहून सुटीवर आलेला तरुण आहे. आणि लग्न जुळवण्यासाठी काढलेले, चेहऱ्यावर पेन्सिलीने बारीक रिटचिंग केलेले मुलींचे फोटो तर पुष्कळ आहेत. प्रत्येक निगेटिव्हच्या कोपऱ्यात शाईने क्रमांक घातलेला आहे. त्या क्रमांकापुढे नाव, गाव आणि तारीख ज्या वहीत लिहिलेली होती, ती वही मात्र त्याआधीच रद्दीत गेली होती.

हे नुकसान मला निगेटिव्ह गमावण्याइतकेच मोठे वाटते. इंग्रजी अमदानीत १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला. त्यातील बहुतेक छायाचित्रांखाली जातीचे वा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. आपल्या स्टुडिओत येणारा माणूस मात्र स्वतःच्या इच्छेने, पदरचे पैसे मोडून, आपण कसे दिसावे हे ठरवून कॅमेऱ्यापुढे बसत होता. नोंदवही गेली की त्याचाही पुन्हा केवळ ‘एक शेतकरी’ होतो.

ज्योती भट्ट यांचे काम या संदर्भात मला नेहमी आठवते. बडोद्याच्या या चित्रकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतील भित्तिचित्रे, मांडणे, गोंदण आणि ते रेखणाऱ्या बायका यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली. पुढल्या सणाला सारवणाखाली जाणारे चित्र ज्या हाताने काढले, त्या हातासह आणि त्या अंगणासह ते टिपायचे, ही त्यांची दृष्टी होती. त्यांचा संग्रह नीट जपला गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. गावच्या छायाचित्रकाराला मात्र असा वाली मिळालेला नाही.

कृष्णधवल निगेटिव्हमधील प्रतिमा चांदीची असते, त्यामुळे रंगीत फोटो विटून तांबूस झाले तरी ती टिकते. पण दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते आणि जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की हाती फार वेळ उरत नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच आस्थेने विद्यापीठांनी, जिल्हा संग्रहालयांनी आणि जुन्या सार्वजनिक वाचनालयांनी आपापल्या भागातील बंद पडत चाललेल्या स्टुडिओंशी संपर्क साधावा. निव्वळ स्कॅनिंग करून थांबू नये. नोंदवहीचे प्रत्येक पान त्याच क्रमांकांशी जोडून ठेवावे, आणि वही नसेल तर गावातील वृद्धांना फोटो दाखवून नावे लिहून घ्यावीत. असे काम कोणी हाती घेणार असेल, तर माझ्याकडील दोन्ही खोकी विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा जिल्हा